तासाला सत्तेचाळीस

केयूरभाईने डोक्यामागे पट्टे आवळले,
म्हशीला मोहरकी घालतात तसे
(हे मी म्हटलं, तो नाही),
आणि म्हणाला, "माशी, मोढुं बंध. नाकथी ज श्वास."
"हो," मी म्हणाले.
हवा नाकातून शिरली, ओठांतून फुर्र करून निघून गेली.

पोटाचं ऑपरेशन दिवाळीनंतर.
त्याआधी सहा आठवडे रोज रात्री हे तोंडावर.
भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या,
तुम्हाला झोपवायचं तर आधी तुमची झोप माझ्या ओळखीची हवी.
माझ्या तरी कुठे होती?

पहिली रात्र चाळीस मिनिटं.
दुसऱ्या रात्री मी कधी काढून फेकला आठवत नाही,
सकाळी पलंगाखाली सापडला,
एकटाच श्वास सोडत.
तिसऱ्या रात्री रडले.
मास्कमध्ये रडू नये. नाक भरतं,
आणि यंत्र भरल्या नाकातही तेवढ्याच निष्ठेने फुंकत राहतं.

यंत्राला शुद्ध पाणी लागतं. रावपुऱ्यात
इन्व्हर्टरवाल्याकडे मिळालं.
त्याने विचारलं, बॅटरी मोठी आहे का?
"आहे," श्रीरंग म्हणाला,
आणि घरी येऊन मला सांगितलंही.
एकशे अठरा किलो हसले मी. पलंग हलला.

रिपोर्ट मात्र मी एकटीने वाचला, स्वयंपाकघरात, उभ्याने.
तासाला सत्तेचाळीस वेळा श्वास थांबतो.
सगळ्यात लांब थांबा: बावन्न सेकंद.
बावन्न सेकंदांत सेवउसळीची प्लेट होते.
उसळ, तर्री, मूठभर शेव, कांद्याची पात,
आणि गाडीवाला "बेन, पाव?" विचारतो तोवर
मी नव्हते.

श्रीरंगला दाखवला. तो चष्मा शोधत राहिला,
चष्मा कपाळावर होता.
म्हणाला, आकडा नव्हता माहीत.
एकोणीस वर्षं रात्री मला कोपर लागायचं बरगडीत,
मी उठून भांडायचे, माहेरी सांगायचे,
ह्यांना झोपेत हातपाय झाडायची खोड आहे.
ती खोड जागी असायची.
तो मोजायचा. तीसच्या पुढे गेलं की कोपर.

आणि आई.
दांडिया बाजारातल्या त्या दोन खोल्यांत
तिच्या घोरण्यावर आम्ही भावंडं नकला करायचो,
दर वेळी मध्येच गप्प व्हायची, आम्ही हसू दाबून वाट बघायचो
पुढच्या घुर्रची.
एका पहाटे घुर्र आलीच नाही.
झोपेत गेली, पुण्यवान, म्हणाले सगळे.
मीही म्हणाले. तेराव्याला वाढताना
चार जणांना तरी म्हणाले.
आता रात्री मास्क लावताना
तो शब्द दाताखाली खड्यासारखा येतो.

काल कालाघोडाच्या पुलावर श्रीरंगने स्कूटर थांबवली.
खाली विश्वामित्री, शेवाळी, संथ,
आणि रेलिंगला टेकलेली दहा-बारा माणसं बोट दाखवत.
मला आधी काही दिसेना.
मग दिसल्या पाण्यावर दोन नाकपुड्या,
बाकी सगळी मगर खाली.
एवढं धूड, आणि जगाशी एवढंच देणंघेणं.
मी बराच वेळ बघत राहिले.
ऑफिसात पुष्पाबेन विचारते, गालावर वळ कसले?
तिला हे सांगितलं तर कळेल का?

काल रात्री पाच तास दहा मिनिटं.
तासाला चार.
केयूरभाईने मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला.
पण तीनच्या सुमाराला बरगडीत कोपर लागलं.
यंत्र चालू होतं, श्वास चालू होता, मी जागीच होते.
त्याचा हात तसाच राहिला, वाट बघत.
ठीक आहे मी, झोप आता, असं म्हणायचं होतं,
पण तोंड उघडलं की हवा जाते.